गंगूचं पावडरीचं तोंड

मेडशीहून आत आलं की डांबर संपते अन् गोटे सुरू होतेत. गोटे संपले की आमचं गाव. गावामांगं टेकडी, टेकडीपल्याड तांडा, अन् त्या तांड्यातून रोज सकाळी खाली उतरते ती गंगू, आमच्या अंगणवाडीची मदतनीस.

उतरली की पहिले ओट्यावर निजलेल्या कुत्र्यायच्या पेकाटात लाथ घालते. मंग कुलूप काढते, झाडते, पाणी भरते अन् घरोघर फिरून लेकरं गोळा करते. चालत नाई ते काखेत, रडते त्याले बखोट धरून. "चाल रे बाप्पा, खिचडी थंडी होऊन राह्यली," असं त्याले सांगते. खिचडीचा चुला तवा पेटलेलाबी नसते. गावातले अर्धे पोट्टे तिनं शेंबूड पुसून मोठे केले. आता तेच फटफटीवरून जाताना तिच्या अंगावर धुरळा उडवतेत, अन् ती त्यायच्या खानदानाचा उद्धार करते. लहानपणी सगळे तिले गंगूमाय म्हंतेत. मिसरूड फुटलं की माय गळून पडते, नुसती गंगू राह्यते.

रंगाचं पहिलेच सांगून टाकतो, कारण सगळा राडा त्याच्यावरून झाला. तांड्यातल्या बाया उजळ राह्यतेत, असं आमच्याकडं म्हंतेत. गंगूच्या पाळीले तो उजेड सरला असन. तव्याची मागली बाजू अन् गंगू शेजारी ठेवली त तवा जरा उजवा, हे मी नाई म्हनत, तिचा नवरा सोमला म्हंते. तिच्या हनुवटीवर गोंदण हाये, पण ते गोंदणारनीले अन् गंगूच्या मायलेच माहीत.

हा सोमला बैलगाडीवरून पडला तवापासून कंबरेत वाकला. बाजीवर बसून बायकोच्या रंगावर बोलण्याबिगर त्याच्याच्यानं दुसरं काम होत नाई. घर चालते ते गंगूच्या मदतनिसीवर. तिनं ती जागा दातात धरून ठेवली होती, कारण त्या जागेवर मारोतरावची नजर होती.

मारोतराव म्हंजे आमचा सरपंच नाई. सरपंच त्याची बायको. सही तिची, अन् डोकं, असन तेवढं, याचं. त्याची धाकटी सून घरात बसून मोबाइल घासे. तिले मदतनीस करायची, असं त्याच्या मनात होतं. म्हंजे कागदावर करायची. शेंबूड पुसाले त्यानं दुसरीच गरीब बाई ठेवली असती. पण गंगू कधी खाडा करत नोती, म्हनून त्याले फट सापडत नोती. ती फट त्याले सरकारनं उघडून देली.

झालं असं, की वरून फर्मान आलं. आता हजेरी वहीत नाई, मोबाइलात. मोबाइल तोंड पाहीन, वळखीन, मंग हजर म्हनीन. येताना एकदा, जाताना एकदा. ह्यानं म्हने खोट्या हजेऱ्या बंद होतीन. आमच्या अंगणवाडीत खोटी हजेरी एकच होती, ती सुपरवायझर मॅडमच्या भेटीची. कागदावर ती दर महिन्याले येऊन जाये, गावाले दिसे दिवाळीच्या फराळाइतकी. पण तिच्या तोंडाले मशीन नोती. मशीन गंगूच्या तोंडाले होती.

तालुक्याहून राजपाल आला. कंत्राटावरचा कॉम्प्युटरवाला, पोरगा गुणी, पण घाईतला. आदल्या दिवशी त्यानं अंगणवाडीच्या सेविकेले, निकिताले, फोन करून सांगलं होतं, "उद्या दोघींचे फोटो घ्यायचे आहेत, तयार राहा." ही निकिता रिसोडकडची, आमच्या गावात देलेली. भल्ली गोरी. उनात गेली की लाल होते अन् सावलीत आली की पुन्हा दुधावानी. तिनं तो निरोप गंगूले देला. बस, फोटो हा शब्द तिच्या तोंडून निंगाला अन् गंगूचं नशीब फिरलं.

आमच्याकडं फोटो म्हंजे पावडर. हा रिवाज हाये, कोणं पाडला माहीत नाई. जत्रेतल्या फोटोवाल्याजवळ आरसा, कंगवा अन् पावडरीचा डबा राहेच. पावडर थापल्याबिगर तो बटन दाबत नोता. म्हातारं माणूस आता जाते का मंग असं झालं, की त्याले उठवून बसवाचं, पावडर लावाची अन् भिंतीसाठी फोटो काढून ठेवाचा. आमच्या भिंतीवरचे सगळे पूर्वज पांढरेफेक हायेत. नव्या माणसाले वाटन, ह्या घरात साहेब लोक राहून गेले.

तशी गंगू आली. लग्नाची साडी, केसाले तेल, अन् तोंडाले बोटभर पावडर. कान काळे, मान काळी, मधात तोंड पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या चुलीवानी.

राजपालनं मोबाइल वर केला, खाली केला.

"मावशी, कोणाचं लग्न आहे का?"

"फोटो हाये म्हने."

"फोटो म्हणजे नोंदणी आहे हो."

"मंग त्या मोबाइलातून काय निंगते? भाकर?"

राजपालले सांजेपर्यंत मेडशीचा सगळा पट्टा उरकायचा होता. त्यानं बटन दाबलं. मोबाइल टिंग वाजला. सरकारच्या दप्तरी गंगू नोंदली गेली, पांढरी.

दुसऱ्या दिवशी गंगू रोजचं तोंड घेऊन आली. निकितानं मोबाइल तिच्या म्होरं धरला. मोबाइल म्हने, चेहरा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा.

"गंगूमावशी, जरा उजेडात या," निकिता म्हने.

उजेडात गेली. चेहरा जुळत नाही. सावलीत आली. चेहरा जुळत नाही. मंग मोबाइलनं सांगलं, चष्मा काढा. गंगूनं जन्मात चष्मा घातला नोता. मंग म्हने, डोळे उघडे ठेवा. गंगूनं डोळे असे फाडले, की भिंतीपाशी बसलेलं एक लेकरू भोंगा पसरून रडाले लागलं.

"आता काय करू वो बाई? डोळे काढून हातात देऊ?"

निकितानं आपल्या तोंडाम्होरं मोबाइल धरला. तिले जांभई आली होती, अर्ध्या तोंडावर हात होता. टिंग. निकिता, हजर.

आता शहाणे लोक म्हनतीन, चूक गंगूची, ती पावडर लावून कायले गेली? त निकितानंबी त्या दिवशी पावडर लावली होती. ओठाले लालीबी लावली होती. तिले मशीन पावडरीत वळखे, बिनपावडरीत वळखे, सर्दीनं नाक सुजलं तरी वळखे.

बरं, पुन्हा नोंदणी करू, म्हनून निकितानं राजपालले बलावलं. तो आला. गंगूले तोंड धुवून भिंतीपाशी उभी केली. मोबाइल म्हने, चेहरा आढळला नाही. म्हंजे काल चेहरा जुळत नोता, आज चेहराच नोता. राजपालनं हात लांब केला, जवळ केला, पडदा ओढला, पडदा सोडला. गंगूच्या मांगं भिंतीवर पोषणाचं पोस्टर होतं, त्याच्यावर दुधाचा पेला धरलेलं एक गोरंगोमटं गुबगुबीत लेकरू. मोबाइलनं त्या लेकराच्या तोंडाभवती हिरवी चौकट मारली अन् म्हने, चेहरा आढळला, हलू नका.

"ते नाई हालत," गंगू म्हने. "कागदाचं हाये."

राजपालले हसू आलं, पण गंगूच्या तोंडाकडं पाहून त्यानं ते गिळलं. जुनी पांढरी नोंद होती तशी ठेवून तो निंगून गेला.

तवापासून गंगू रोज टेकडी उतरे, झाडे, चुला पेटवे, लेकरायले भरवे, अन् मोबाइलात गैरहजर राहे. मारोतरावले ह्याचा वास लागला. पारावर बसून म्हने, "तांड्यातल्या बाया अशाच. घरी झोपा काढतेत अन् पगार उचलतेत." हे तो म्हनत होता तवा त्याचाच नातू गंगूच्या काखेत होता.

मंग तालुक्याचं बलावणं आलं. गंगू अन् निकिता येष्टीनं गेल्या. सुपरवायझर मॅडम पंख्याखाली बसली होती.

"गंगूबाई, तुम्ही सतत गैरहजर आहात."

"मी त रोज येते."

"सिस्टीममध्ये तसं दिसत नाही."

"मॅडम, मी तुमच्या म्होरं उभी हावो. आता दिसून राह्यली का नाई?"

"मला दिसून उपयोग नाही."

निकिता मधात बोलली, "मॅडम, मी सेविका आहे. ह्या रोज येतात, असं मी लिहून देते."

"लिहून द्यायचे दिवस गेले, निकिता. माणूस कोणाच्या भिडेला पडून काहीही लिहितो. मशीनला ना जात, ना पात, ना काळं, ना गोरं. ती सगळ्यांना सारखीच बघते." मंग मॅडमनं आवाज जरा खाली घेतला. "आणि गंगूबाई, तोंडबिंड धूत जा जरा. चुलीपाशी काम असतं तुमचं."

"तोंड धुते मॅडम. चामडं कशानं धुवावं ते सांगा."

मॅडमनं कागद चाळल्यासारखं केलं. म्हने, "या महिन्यात हजेरी लागली नाही, तर तुमची जागा रिकामी दाखवावी लागेल. माझ्या हातात काही नाही."

हे एक बरं हाये सरकारी माणसाचं. हात दोन राह्यतेत, पण त्यात काई नसते.

त्याच आठवड्यात राजपाल मले फाट्यावरच्या चहाच्या टपरीत भेटला. मी इचारलं, "का रे बाप्पा, ह्या तुह्या मशीनले वळखाले शिकवलं कोणं?"

"फोटो दाखवून शिकवतात, काका. लाखो फोटो."

"कोणाचे?"

"मिळतील त्यांचे. शहरातले, बाहेर देशातले."

"त्यात गंगूसारख्या बाया किती असतीन?"

राजपालनं बिस्कुट चहात बुडवलं. "फार नसतील."

बिस्कुट तुटून चहात पडलं, अन् तो ते बोटानं काढत बसला.

म्हंजे जन्मभर ज्यानं हायब्रीड पाह्यली, तो आमच्या वावरात आला अन् गावरान ज्वारीले गवत म्हने. अन् आमी मान डोलावून ज्वारी उपटून फेकाले तयार. आता माह्यं गावबी काई धुतल्या तांदळाचं नाई. काळी पोरगी पाहाले आलेले पाव्हणे पोहे चापतेत, चहा पेतेत, 'कळवतो' म्हनतेत अन् मेले कधीच कळवत नाई. पण त्या पाव्हण्यायले आपण काय केलं ते माहीत असते, म्हनून ते खाली मान घालून निंगतेत. मशीनले खाली घालाले मानच नाई. अन् तिच्यामांगं उभ्या राहणाऱ्यायले त मान ताठ ठेवायचा पगार भेटते.

गंगूले वाट दाखवली ती तिच्या जावेनं, झमकूनं. झमकूचं घर तिच्या घराले लागून. एका भिंतीच्या दोन बाजूनं दोघी भांडतेत, अन् भांडण झालं की त्याच भिंतीवरून एकमेकीले वाटीभर कोरड्यास देतेत. झमकू म्हने, "तू कायले रडून राह्यली? ज्या तोंडानं नोंदणी केली ते तोंड घेऊन जा नं. सरकारले तेच वळखू येते."

दुसऱ्या दिवशी गंगूनं अंगणवाडीच्या दारात बसून तोंडाले पावडर थापली. निकितानं मोबाइल धरला. टिंग. गंगू, हजर.

निकितानं टाळी वाजवली. गंगू उठली, मोरीत गेली अन् तोंड धुवून आली. "मेल्याले माह्यं तोंड नाई पाह्यजे. माह्यं सोंग पाह्यजे," म्हने, अन् चुला फुकाले बसली.

मंग तो नेमच झाला. मेडशीच्या बाजारातून गंगूनं पावडरीचा मोठा डबा आणला अन् तिखट-मिठाच्या फळीवर ठेवला. सकाळी थापाची, टिंग झालं की धुवाची. दुपारी जाताना पुन्हा थापाची, पुन्हा धुवाची. चैतात त दुपारची पावडर घामानं वघळे, तोंडावर नाले पडत, अन् मोबाइल पुन्हा रुसे. मंग निकिता पुठ्ठ्यानं वारा घाली अन् गंगू श्वास धरून बसे, वाळवणावानी. बारकी लेकरं पहिले भेली. मंग सरावली. एक पोट्टं त गंगू पांढरी झाली की डब्बा घेऊन लायनीत उभं राहे, त्याले वाटे आता खिचडी भेटणार.

गावानं मात्र सोडलं नाई. पारावरून मारोतराव म्हने, "काय गंगू, कोण्या पिच्चरमंधी काम लागलं?"

गंगू थांबली. "तुमच्या घरी बायकोच्या सहीनं गाव चालते, तसं माह्या पावडरीनं अंगणवाडी चालून राह्यली. सोंगच हाये भाऊ, तुमचं काय अन् माह्यं काय."

पारावरचे लोक खाली पाहून तंबाखू मळाले लागले. मारोतरावले हे भल्लं झोंबलं. त्यानं बायकोच्या सहीनं वर तक्रार ठोकली, की मदतनीस वेशांतर करून हजेरी लावते, सबब जागा रिकामी करावी.

तक्रार सरपंचाची, म्हनून सुपरवायझर मॅडम खरोखरची आली. संगं राजपाल. मारोतराव धाकट्या सुनेले घेऊन आधीच येऊन बसला होता. सून नवी साडी नेसून होती. जागा रिकामी झाल्या झाल्या भरून टाकाची, असा त्याचा बेत. झमकूबी टेकडी उतरून आली होती, तिले अशा गोष्टी चुकत नाई. अन् सोजरबाई नातू सोडाले आली ती तिथीच थांबली.

ही सोजरबाई पाटलाच्या भावकीतली बुढी. गंगूइतकीच काळी, पण पाटलाची हाये म्हनून तिच्या काळ्याले सावळं म्हंतेत. तांड्यातल्या बाईच्या हातचं पाणी तिनं जन्मात पेलं नाई. नातू मात्र गंगूच्या हातची खिचडी खाऊन टम्म झाला होता. ते तिले चाले. लेकराचा विटाळ सरकारी असते.

मॅडमनं गंगूले इचारलं, "तुम्ही मेकअप करून हजेरी लावता?"

"पावडर लावून. बिनपावडरीची मी तुमच्या मशीनले दिसत नाई."

राजपालनं धुतल्या तोंडाची गंगू मोबाइलाम्होरं धरली. चेहरा जुळत नाही. पावडर लावली. टिंग, गंगू, हजर.

मारोतराव उठून उभा राह्यला. "पाहा मॅडम. म्हंजे उद्या पावडर थापून कोणतीबी बाई येईन अन् गंगू होईन."

"तसं होत नाही," मॅडम म्हने. "मशीन फसत नाही."

गंगूनं फळीवरचा डबा घेतला अन् झमकूच्या हातात देला. "लाव वो."

रंग दोघीचा सारखाच काळा, पण झमकूचं नाक धारदार, गंगूचं बसकं. झमकूचं तोंड लांबोळं, गंगूचं ताटावानी. झमकूनं हसत हसत पावडर थापली. राजपालनं मोबाइल धरला. टिंग. गंगू, हजर.

 राजपालनं मोबाइल पुसला अन् पुन्हा धरला. पुन्हा टिंग.

"जवळचं नातं असेल," मॅडम म्हने. "बहिणी असतील."

"जावा हावो आमी," झमकू म्हने. "आमचं नातं भांडणाचं."

गंगूची नजर दारात गेली. "सोजरबाई, या इकडं."

"मी कायले?"

"या त. तुमच्या नातवाची माय झाली मी इतके दिवस. घडीभर तुमी गंगू व्हा."

सोजरबाईले यायचं नोतं, पण तोंडाले पावडर लावून मोबाइलात पाहाची हौसबी होती. पदर सावरून आली. निकितानं तिच्या तोंडाले पावडर लावली. सोजरबाई फोटोले बसल्यासारखी ताठ झाली.

टिंग. गंगू, हजर.

"काय म्हने तो?" सोजरबाईनं इचारलं.

"तुमी गंगू हाये म्हने," झमकूनं सांगलं.

"कोण? मी?" सोजरबाईनं मोबाइलकडं असं पाह्यलं, की जशी त्याच्या बापजाद्याची सोयरीक तपासून राह्यली. "माह्या बापाचा वाडा पाहून माणसं जोडे हातात घेत. अन् हा डब्बा मले तांड्यात लोटून राह्यला. पुसा त्याले, डोळे फुटले का."

"त्याले कायले पुसता?" गंगू म्हने. "सरकारनं सांगलं. आता तुमच्या हातचं पाणी तुमालेच चालणार नाई."

झमकू पदरात तोंड खुपसून हसत होती, पावडर पदराले लागून राह्यली होती. मॅडमच्या कपाळावर घाम आला. तिनं मारोतरावच्या सुनेकडं बोट केलं. "हिला लावा."

सून उजळ होती. पावडर लावली. मोबाइल म्हने, नोंद सापडली नाही. निकिताले लावली. टिंग, निकिता, हजर. म्हंजे उजळ बाई मशीनले एकेक वेगळी दिसे. काळ्या सगळ्या मिळून एक, अन् तिचं नाव गंगू.

मारोतरावले मधली भानगड काई समजली नोती, पण संधी समजली. "पाहा. मी हेच म्हनत होतो. कोणीबी गंगू होते. काढून टाका हिले."

"अहो, तुम्ही बसा," मॅडम म्हने. तिच्या आवाजात पहिल्यांदा माणूस बोलला, पण तो भेलेला माणूस होता. कारण ह्याचा कागद वर गेला असता, त वरून इचारलं असतं, की तुमच्या सगळ्या अंगणवाड्यायत किती गंगू हायेत? अन् शंभर टक्के चेहरा-हजेरीचं पत्र तिनं सोताच्या सहीनं आधीच धाडलं होतं.

तिनं राजपालले मोबाइल खिशात ठेवाले लावला. म्हने, "तक्रारीत तथ्य आढळलं नाही. मदतनीस नियमित आहेत, सिस्टीममध्ये हजेरी दिसते. गंगूबाई, तुम्ही पावडर लावत जा. आणि आज इथं जे झालं, ते कोणी बाहेर बोलायचं नाही."

"म्हंजे जागा माही?" गंगूनं इचारलं.

"तुमचीच."

"मंग त्या मशीनले नवं शिकवा नं. पावडर किती दिवस?"

"वरून येईल तेव्हा येईल," मॅडम म्हने, अन् जीपमंधी बसली. मारोतराव सुनेले घेऊन घरी गेला. सुनेच्या तोंडावरची पावडर तशीच होती, वाटेत कुत्रे तिच्यावर भुकले.

जागा राह्यली. पण गंगूच्या मनातून काईतरी गेलं, ते मले पुढच्या महिन्यात दिसलं. तिच्या भाच्याचं लग्न निंगालं, रिठदकडच्या तांड्यात. रजा मांगितली त मॅडमनं नाई म्हनलं, कारण सरकारचा कोणतातरी पंधरवडा चालू होता अन् त्यात शंभर टक्के हजेरी लागत होती. पहिलेची गंगू असती त लग्न सोडून चुल्यापाशी बसली असती. ह्या गंगूनं पावडरीचा डबा काखेत मारला अन् सोजरबाईच्या दारात गेली.

"सोजरबाई, उद्या मी नाई. झमकूबी लग्नाले येऊन राह्यली. तुमी जाऊन गंगू व्हा."

"मी नाई होत. एकदा झाली ते पुरे."

"तुमचा नातू उपाशी राहीन. निकिताबाई एकट्या किती पाहतीन?"

"खिचडी मी शिजवते. पण ते तोंड मी नाई दाखवत."

"खिचडी शिजवली अन् तोंड नाई दाखवलं त फुकट जाते, सोजरबाई. मी करून पाह्यलं हाये. सरकारले तोंडच लागते."

बुढीनं डबा ठेवून घेतला. म्हने, "तुह्या नावानं टिंग वाजलं की मी आंघोळ करीन, सांगून ठेवते."

"करा. मी त दिवसातून दोनदा तोंड धुते."

लग्नाले मीबी गेलो होतो, सोमल्याचं अन् माह्यं वावर लागून हाये. मांडवात जेवणं चालू होते तवा निकिताचा फोन आला. गंगूनं ऐकलं अन् फोन कंबरेले खोसला. सकाळची हजेरी लागली होती, दुपारचीबी लागली होती. सोजरबाईनं खिचडीत मीठ जास्त टाकलं, एवढीच तक्रार.

"इतके दिवस मी तिथी होती त नोती," गंगू मले म्हने. "आता इथी जिलबी खाऊन राह्यली त हजर हावो. खा तुमीबी."

तितक्यात फोटोवाल्यानं मामा-मामीले बलावलं. त्याच्याजवळबी पावडरीचा डबा होता, रिवाजाप्रमाणं. झमकूनं थापली, बाकीच्यायनंबी थापली. सोमल्याले दोघायनं धरून उभं केलं, त्याच्याबी गालाले लावली. फोटोवाल्यानं डबा गंगूम्होरं केला.

"नाई," गंगू म्हने.

"मामी, फोटोत काळ्या येतीन."

"येऊ दे. पावडर मी सरकारले लावते. घरच्यायले नाई."

फोटोवाला सोमल्याकडं पाहाले लागला. सोमल्याले नेहमीसारखं तव्यावरून काईतरी बोलायचं होतं, ते त्याच्या तोंडात आलेलं दिसलं. पण बायको ज्या नजरेनं कॅमेऱ्याकडं पाहून राह्यली होती ती पाहून त्यानं ते गिळलं. फोटोवाल्यानं बटन दाबलं.

तो फोटो आता तांड्यातल्या घरात भिंतीवर हाये. पाच पांढरे तोंडं अन् मधात एक गंगू.